पाचवी मोरी

एकदा एक प्राथमिक शाळेतले मास्तर राजकारणात शिरले. एवढं वाचूनच काही मंडळी पान उलटतील, याची मला कल्पना आहे. मास्तर राजकारणात शिरले म्हणजे एक तर ते बिघडणार, नाही तर आपटणार, असं आपण धरूनच चालतो. हे मास्तर बिघडले नाहीत आणि फारसे आपटलेही नाहीत. त्यांच्या हातून एक वेगळंच काही झालं, आणि ते निस्तरायला त्यांनी जो मार्ग धरला तो त्यांच्या सर्वांत जवळच्या शिष्यालाही शेवटच्या सभेपर्यंत कळला नाही. ही गोष्ट त्या शिष्याची आहे.

मुलूख तमिळनाडूतला, वैगै नदीच्या दक्षिणेचा. नदी असून नसल्यासारखी, पाऊस बेताचा, आणि सगळी शेती गावोगावच्या तलावांवर. तिकडे शिक्षकाला वाद्यार म्हणतात. या वाद्यारांनी सव्वीस वर्षं चौथीच्या वर्गाला गणित शिकवलं. शाळेत पिण्याच्या पाण्याचा नळ यावा म्हणून त्यांनी तालुका कचेरीत अकरा खेपा घातल्या. अकराव्या खेपेला तिथला कारकून हात जोडून म्हणाला, "वाद्यार, तुम्ही मुलांना शिकवा. नळाचं आमच्यावर सोडा." मास्तर घरी आले, हातपाय धुतले, आणि राजीनामा लिहायला बसले. सरकारी शाळेच्या मास्तराला नोकरी सोडल्याशिवाय निवडणूक लढवता येत नाही, हा नियम तिकडेही आहे.

त्यांच्या पत्नीने एकच प्रश्न विचारला. "वर्गातली चाळीस पोरं तुमचं ऐकत नव्हती. आता लाखभर माणसं ऐकणार आहेत का?"

"पोरं ऐकत नव्हती म्हणून तर शिकली," मास्तर म्हणाले आणि कागदावर सही केली.

पहिली निवडणूक ते सपशेल हरले. दुसरी जिंकले, आणि मग ओळीने जिंकतच गेले. अठरा वर्षं आमदार राहिले. नळ आला, दवाखाना आला, आडगावांना बस आली. या सगळ्या काळात मास्तरांच्या अंगावरचं खादीचं पांढरं वेष्टी, म्हणजे तिकडचं धोतर, आणि पायातली चप्पल बदलली नाही. लोक त्यांना देवासारखं मानू लागले. आपल्याकडे माणूस चांगला निघाला की आपण त्याला हेच करतो, त्यामुळे तिकडच्या लोकांना नावं ठेवायला मी जाणार नाही.

शिष्याचं नाव एळिलन. चौथीत तो मास्तरांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. पुढे तो कॉलेजात शिकवू लागला, आणि एकोणतिसाव्या वर्षी ती नोकरी सोडून मास्तरांकडे आला. आता तो चाळिशीला टेकला होता. मास्तरांची भाषणं तो लिहायचा, अर्ज वाचायचा, अधिकाऱ्यांच्या मागे लागायचा, आणि दुपारी मास्तर जेवले की नाही हेही बघायचा. त्याचा जीव होता मास्तरांवर.

बाहत्तरावं वर्ष लागलं तेव्हा मास्तरांनी जाहीर करून टाकलं की आता पुरे. पक्षाच्या वरिष्ठांनी निरोप धाडला की तुमच्या जागी कोण ते तुम्हीच सांगा, महिनाअखेरच्या शुक्रवारपर्यंत कळवा. साऱ्या तालुक्याला उत्तर ठाऊक होतं. पानाच्या गादीवरसुद्धा लोक एळिलनला "आमदारसाहेब" म्हणून चिडवू लागले. मास्तर मात्र त्याविषयी चकार शब्द काढत नव्हते. एळिलनला ती उमेदवारी हवी होती, अगदी मनापासून हवी होती, आणि विचारायची चोरी. तो रोज सकाळी मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघायचा आणि रोज निराश व्हायचा.

"निरोपाच्या पाच सभा घेऊ," मास्तर एवढंच म्हणाले. "पाच गावं. भाषणं नेहमीसारखी तू लिही."

पहिल्या सभेत एळिलनने हातातला कागद पुन्हा उघडून पाहिला. कागदावर त्याने लिहिलं होतं, "या शाळेच्या चार खोल्या." मास्तर बोलले, "या शाळेच्या तीन खोल्या." चौथी खोली त्यांनीच बांधून घेतली होती आणि मांडव तिच्याच दाराशी होता. समोर शाळेचे हेडमास्तर बसले होते, पंचायतीचे अध्यक्ष बसले होते, त्या खोलीत रोज बसणारी मुलं बसली होती. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. होतं असं कधी कधी, बोलताना जीभ घसरते, असं म्हणून एळिलनने मन शांत केलं आणि वर्तमानपत्राच्या बातमीत चार खोल्या असं दुरुस्त करून पाठवलं.

दुसऱ्या गावात मास्तर म्हणाले, "तुमच्या पोरींना कॉलेजला जायला आपण पावणेसातची बस आणली." बस सव्वासहाची. नऊ वर्षं सव्वासहाचीच होती. टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी खरी गंमत झाली. गावातली पाच-सहा माणसं पावणेसातला थांब्यावर आली, बस निघून गेलेली, आणि त्यांनी डेपोत तक्रार केली की बस अर्धा तास आधी सुटली. नऊ वर्षं जी बस पकडली तिची वेळ खोटी आणि वाद्यारांचा शब्द खरा! एळिलनने डेपोच्या मॅनेजरला फोन लावला. वाद्यारांची शोभा होऊ नये म्हणून बसच पावणेसातची करता येईल का, असं त्याने विचारलं. मॅनेजर म्हणाला, "वाद्यारांसाठी? आजपासून." बस पावणेसातची झाली. पोरींचा पहिला तास रोज बुडू लागला, पण त्याबद्दल कोणी बोललं नाही.

तिसऱ्या गावात तर कहर झाला. वेळ्ळैसामी नावाचे गावचे एक जुने पुढारी पहिल्या रांगेत, नव्या पांढऱ्या शर्टात बसले होते. मास्तर त्यांच्याकडे पाहत भरल्या आवाजात म्हणाले, "या गावासाठी झटलेले दिवंगत वेळ्ळैसामी यांची आज आठवण येते." मांडवातले लोक एकमेकांकडे बघू लागले. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी वाजवली. प्रत्यक्ष वेळ्ळैसामींनीही वाजवली. घरी जाऊन त्यांच्या सुनेने भटजी बोलावून शांत करून घेतली. पण "वाद्यारांचं चुकलं" असं त्या घरातही कोणी म्हटलं नाही.

एळिलन धास्तावला. हे जीभ घसरण्यातलं नव्हतं. रक्तदाब तपासायचा बहाणा करून तो मास्तरांना डॉक्टरांकडे घेऊन गेला आणि डॉक्टरांना बाजूला घेऊन कानात सगळं सांगितलं. डॉक्टरांनी हसत हसत परीक्षा सुरू केली. शंभरातून सात सात वजा करत या, म्हणाले. मास्तर धडाधड खाली आले. डॉक्टर कागदावर पडताळा घेत होते, त्यांचीच एक वजाबाकी चुकली आणि मास्तरांनी ती दाखवून दिली. डोकं शाबूत होतं. मग सभेत यांना होतं तरी काय? एळिलनला काही उमगेना. मास्तरांना तोंडावर विचारावं तर त्यांना वाईट वाटेल, म्हणून त्याने विचारलंही नाही. त्याने फक्त कार्यकर्त्यांना बोलावून बजावलं की अय्या (वडीलधाऱ्या माणसाला तिकडे असंच म्हणतात) काहीही बोलले तरी कोणी हसायचं नाही, आणि समोरून कोणी तोंड उघडलं तर त्याला गोडीने खाली बसवायचं. चौथ्या सभेत मास्तरांनी गावच्या देवीच्या जत्रेचा महिनाच चुकवला, आणि तीही सभा सुरळीत पार पडली.

राहिली पाचवी. ती गुरुवारी होती. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, मास्तरांचं उत्तर पक्षाकडे पोचायचं होतं, आणि त्याच दिवशी तलावांच्या दुरुस्तीची यादी कलेक्टर कचेरीत जायची होती. त्यानंतर आचारसंहिता लागणार, म्हणजे जे यादीत नाही ते पुढची दोन-तीन वर्षं तसंच राहणार.

गाव तलावाच्या काठचं. दीड मैल लांबीचा जुना बांध, आणि बांधाच्या पोटात पाणी सोडायच्या पाच मोऱ्या. चार मोऱ्या गावाच्या अंगाला. पाचवी पार दक्षिणेच्या टोकाला, वेड्या बाभळींच्या रानात दडलेली, आणि तिच्या पाण्यावर पलीकडच्या वस्तीतली तीस घरं मिरची काढायची. पाचही मोऱ्यांना नवी लोखंडी दारं बसवायचं ठरलं होतं. एळिलनने स्वतः पाच लिहून यादी तयार केली होती आणि तलावांचा ओव्हरसियर ती घेऊन व्यासपीठावर शेवटच्या खुर्चीवर बसला होता.

उन्हं उतरायच्या सुमाराला सभा सुरू झाली. हार झाले, शाली झाल्या. मास्तर उभे राहिले, तलावाचं कौतुक केलं, आणि म्हणाले, "या तलावाच्या चारही मोऱ्यांना नवी दारं बसणार आहेत."

टाळ्या पडल्या. आणि टाळ्या ओसरता ओसरता बायकांच्या बाजूने, मागून, एक आवाज आला.

"पाच."

साठीची एक बाई उभी होती. काळीसावळी, सडपातळ, कंबरेला पदर खोचलेला. तिचं नाव पेच्चियम्माळ. आपल्याकडे पाटाचं पाणी वाटून देणाऱ्याला पाटकरी म्हणतात, तसा तिचा नवरा त्या तलावाचा पाटकरी होता. तो वारल्यावर काम तिच्याकडे आलं. कोणती मोरी कधी उघडायची, कोणाच्या रानाला किती वेळ पाणी द्यायचं, हे ती ठरवायची.

"वाद्यारय्या, मोऱ्या पाच आहेत," ती मोठ्याने म्हणाली. "रोज मी उघडते ना. मला विचारा."

दोन कार्यकर्ते लगबगीने तिच्याकडे धावले. "बस गं आई, बस, अय्या बोलतायत." एकाने तिचा दंड धरला. आजूबाजूच्या बायकांनीही तिचा पदर ओढला. ती बसेना. मास्तर माइकपुढे उभे राहून तिच्याकडे टक लावून बघत होते. एळिलनला ते पाहवेना. त्याला वाटलं, आज निरोपाच्या शेवटच्या सभेत, हजार माणसांपुढे, माझ्या गुरूचं हसं होणार. तो उठला, मास्तरांच्या शेजारी जाऊन माइकमध्ये म्हणाला, "अय्यांचं बरोबर आहे. मोऱ्या चारच. पाचवी कधीच बुजून गेलीय."

टाळ्यांचा कडकडाट झाला. पेच्चियम्माळ खाली बसली. बसली म्हणजे तिला बसवलंच. आणि व्यासपीठाच्या टोकाला ओव्हरसियरने खिशातलं पेन काढून यादीतली एक ओळ खोडली. एळिलनने ते पाहिलं. उद्या सकाळी कचेरीत जाऊन गुपचूप पुन्हा लिहून घेऊ, असं त्याने ठरवलं. मागच्या सभांच्या वेळीही त्याने असंच निभावून नेलं होतं.

मास्तरांनी कागद घडी करून खिशात घातला. भाषण संपलं होतं की नव्हतं कोणास ठाऊक, ते व्यासपीठाच्या पायऱ्या उतरले आणि माणसांतून वाट काढत थेट पेच्चियम्माळपुढे जाऊन उभे राहिले. आपल्या गळ्यातली शाल काढून त्यांनी तिच्या खांद्यावर घातली. ती गोंधळली. लोकही गोंधळले, आणि टाळ्या वाजवायच्या की नाही हे न कळल्यामुळे थोड्याशा वाजल्या.

"अम्मा," मास्तर म्हणाले, "पाचवी मोरी मला दाखव."

ती पुढे, मास्तर तिच्यामागे, एळिलन त्यांच्यामागे आणि त्याच्यामागे ओव्हरसियर. बाकीच्यांना मास्तरांनी मांडवातच थांबायला सांगितलं. बांधावरून चालत ते दक्षिणेच्या टोकाला पोचले. बाभळींमधून पेच्चियम्माळने कोयत्याने तोडून ठेवलेली एक माणूस जाईल एवढी वाट होती. मास्तरांचं वेष्टी काट्याला लागून टरकन फाटलं, त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. खाली उतरल्यावर दगडी मोरी दिसली आणि तिच्या तोंडातून झुळझुळ पाणी वाहत होतं. पाणी पाटाने पलीकडे गेलं होतं आणि तिथे मिरचीची हिरवीगार रोपं उभी होती.

पेच्चियम्माळने वळून विचारलं, "बुजली म्हणणारे साहेब कोण? चेहरा नीट दिसला नाही मला तिथून."

एळिलनला पळून जावंसं वाटलं. "मी," तो म्हणाला.

तिने त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मग उतरा आत. हात घालून बघा."

बूट काढून, पँट दुमडून तो गुडघाभर पाण्यात उतरला आणि वाकून मोरीच्या तोंडात हात घातला. आतून पाण्याचा जोर इतका होता की हात मागे ढकलला गेला. तीस घरं या पाण्यावर जगत होती, आणि त्याने ती एका वाक्यात, टाळ्यांच्या गजरात पुसून टाकली होती. त्याला शरम वाटली. मोठ्या माणसाची शरम फार वाईट असते, कारण तिला पाठीवरून हात फिरवायला कोणी नसतं. इथे मात्र मास्तर होते.

"अय्या," तो पाण्यातूनच म्हणाला, "तुम्हाला माहीत होतं पाच आहेत ते?"

"मला तर वेळ्ळैसामी जिवंत आहे हेही माहीत होतं," मास्तर म्हणाले.

ते मोरीच्या दगडावर बसले आणि बोलू लागले. "शाळेत मी रोज फळ्यावर एक चूक करून ठेवायचो. मुद्दाम. सात आठे चौपन्न असं लिहायचो आणि पाठ वळवून उभा राहायचो. पोरं ओरडायची, छप्पन्न, छप्पन्न! ज्या दिवशी एकही पोर ओरडायचं नाही त्या दिवशी समजायचो की आज आपण नीट शिकवलं नाही. राजकारणात आल्यावरही सभेत मी हेच करायचो. पहिल्या वर्षी तीन-तीन, चार-चार माणसं उठून भांडायची. मग मी त्यांची कामं केली, ती मला मानू लागली, आणि मानता मानता बोलायची थांबली. मग मीही तो नाद सोडला. आता निरोपाच्या सभांत पुन्हा चौपन्न म्हटलं तर लोक टाळ्या वाजवतात, आणि तू जाऊन पाढा बदलून येतोस. तू तर बससुद्धा बदललीस रे! हे सगळं माझ्या हातून झालं. वाईट वागलो असतो तर लोकांनी मला विचारलं तरी असतं."

एळिलन म्हणाला, "अय्या, चौथीत आम्हाला वाटायचं तुमचे पाढे कच्चे आहेत. आम्ही सगळ्यांनी ठरवलं होतं, हेडमास्तरांना सांगायचं नाही म्हणून."

मास्तर हसले, इतके हसले की त्यांना खोकला आला आणि पेच्चियम्माळने त्यांच्या पाठीवर थोपटलं. "तरी तोंडावर सांगायचात," डोळे पुसत ते म्हणाले. "तोंडावर सांगायचात आणि पाठीमागे सांभाळायचात. आता तुम्ही तोंडावर सांभाळता."

एळिलन पाण्यातून वर आला. जे पंधरा दिवस त्याच्या ओठांशी येऊन थांबलं होतं ते आता त्याने विचारलं, कारण आता त्याला आशाच उरली नव्हती. "म्हणजे माझं नाव तुम्ही कळवणार नाही. या परीक्षेत मी नापास झालो."

"तुझी परीक्षा कसली? ती चौथीतच झाली. तुझं नाव मी मंगळवारीच पक्षाला कळवलंय."

एळिलन बूट घालायला वाकला होता, तो तसाच सरळ झाला.

"पण आजच्या सभेत कोणीही उठलं नसतं," मास्तर सावकाश म्हणाले, "तर उद्या सकाळी फोन करून ते मागे घेणार होतो. तू लायक नाहीस म्हणून नाही. जिथे एकही माणूस चूक म्हणत नाही तिथे चांगल्या माणसाला बसवणं म्हणजे त्याचं वाटोळं करणं. मी म्हातारा आहे, माझं निभावलं. तुझ्या पुढे पंचवीस वर्षं आहेत. तुला निदान एक माणूस देऊन जावं, एवढीच माझी इच्छा होती. आज ही अम्मा सापडली." त्यांनी पेच्चियम्माळकडे पाहिलं. "आणि सापडल्याबरोबर तू तिला खाली बसवलंस. आता तिला उठवायचं काम तुझं."

पेच्चियम्माळला हे सगळं कितपत कळलं होतं देव जाणे. ती शाल नीट घडी करून कंबरेला खोचत होती. "मला कशाला उठवायचं?" ती म्हणाली. "आधी ती यादी दुरुस्त करा."

ते मांडवात परतले तेव्हा उजेड अजून होता. सभा मोडत आली होती, खुर्च्या एकात एक घातल्या जात होत्या. एळिलन ओल्या पँटीनेच व्यासपीठावर चढला. माइक हातात धरून त्याने एकदा समोरच्या माणसांकडे पाहिलं. उद्यापासून ज्यांच्याकडे मत मागायचं त्यांच्यापुढे असं बोलायचं, हे काही कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नसतं.

"मघाशी मी खोटं बोललो," तो म्हणाला. "मोऱ्या पाच आहेत. पाचवी बुजलेली नाही, मी आत्ता तिच्यात हात घालून आलो. अय्यांचं चुकलं होतं आणि ते झाकायला मी तीस घरांचं पाणी तोडलं. पेच्चियम्माळ खरं बोलत होत्या. त्यांना मी बसायला लावलं, त्याची माफी मागतो."

टाळ्या पडल्या नाहीत. आणि मग सगळे मास्तरांकडे बघू लागले, कारण त्यांच्या देखत त्यांचं चुकलं असं कोणी म्हणेल हे त्या लोकांच्या कल्पनेत बसत नव्हतं. मास्तर पहिल्या रांगेत एका घडीच्या खुर्चीवर बसले होते, फाटकं वेष्टी सावरून. त्यांचा चेहरा इतका आनंदी होता की लोकांना धीर आला. ओव्हरसियरने पेन काढलं आणि खोडलेली ओळ पुन्हा लिहिली.

"लिहिताच आहात तर," पेच्चियम्माळ उभी राहून म्हणाली, "तिसऱ्या मोरीचा दगडही फुटलाय. नुसतं दार बसवून काय उपयोग?"

"फुटलाय," एक शेतकरी मागून म्हणाला. "दोन वर्षं झाली." तो एवढं बोलून लाजला आणि खाली बसला. मग आणखी एक जण उठला आणि सांडव्याबद्दल बोलू लागला. त्याला दुसऱ्याने मध्येच तोडलं, तुझं चुकतंय म्हणाला. कोणाचं खरं यावर बायकांच्या बाजूला वाद जुंपला. पंचायतीचे अध्यक्ष शांतता, शांतता म्हणून ओरडत राहिले आणि त्यांचं कोणी ऐकेना. एळिलन व्यासपीठावर बसून जे ऐकू येईल ते लिहीत गेला. मध्येच त्याने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर पाय लांब करून, मागे रेलून तो गलका ऐकत बसले होते. चौथीच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभे असताना त्यांचा चेहरा कसा दिसत असेल, हे पोरांना कधी दिसलं नव्हतं. ते एळिलनला त्या संध्याकाळी दिसलं.

दुसऱ्या दिवशी यादी कलेक्टर कचेरीत गेली, पाच मोऱ्या आणि एक फुटका दगड धरून. बस पुन्हा सव्वासहाची झाली. वेळ्ळैसामींच्या घरी मास्तर स्वतः माफी मागायला गेले, आणि तिथे मात्र म्हाताऱ्याने त्यांना दाराबाहेर उभं ठेवून पाच मिनिटं मनसोक्त फैलावर घेतलं. मास्तर घरी येऊन बायकोला म्हणाले की इतकं बरं अठरा वर्षांत वाटलं नव्हतं. ती म्हणाली की हे सुख मी घरातल्या घरात केव्हाही दिलं असतं.

एळिलनची उमेदवारी जाहीर झाली. पहिली प्रचारसभा तालुक्याच्या गावी, बाजारच्या दिवशी, सकाळी. भाषण त्याने स्वतःच लिहिलं होतं, आणि दुसऱ्या पानाच्या मध्यावर एक चूक घालून ठेवली होती. दवाखान्याच्या खाटा वीस, तिथे त्याने तीस लिहिलं. कोणी उठेल का, या विचाराने त्याला सकाळपासून चहाही गोड लागला नव्हता.

तो पहिल्याच पानावर होता. कॉलेजच्या नव्या इमारतीबद्दल बोलत होता. तेवढ्यात डावीकडून एक मुलगी उभी राहिली, दप्तर पाठीला लावलेलं.

"सर, चूक आहे," ती म्हणाली. "विज्ञानाचे वर्ग सुरू झाले असं तुम्ही म्हणालात. नाही झाले. फलक लागलाय फक्त. आम्ही अजून पंधरा मैल लांब जातो."

एळिलन थबकला. ही चूक त्याने घातलेली नव्हती. कचेरीतून आलेल्या कागदावर वर्ग सुरू झाल्याचं लिहिलं होतं आणि तो कागद खरा मानून त्याने लिहून टाकलं होतं. एक कार्यकर्ता मुलीकडे निघाला होता, त्याला त्याने हातानेच थांबवलं.

"बरोबर," तो म्हणाला. "चूक माझी. नाव काय तुझं? सगळं नीट सांग, मी लिहून घेतो."

मुलगी बोलत राहिली, तो लिहीत राहिला. तिचं सांगून झाल्यावर त्याने दुसरं पान काढलं आणि खाटांचे तीस खोडून त्या जागी वीस लिहिलं. त्या चुकीची आता गरज नव्हती.